क्यूबाचा डावा हात

माझा नातू पुण्याला असतो आणि पियानो शिकतो. सुट्टीला घरी आला की क्यूबातल्या जॅझ पियानोवाल्यांचं वादन लावतो, आवाज मोठा करतो आणि मला म्हणतो, "आजोबा, नुसता डावा हात ऐका." मी उठतो आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. घरातल्यांना वाटतं, म्हातारा भजनात मुरलेला, त्याला हे कसलं झेपतंय. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. खरं म्हणजे तो डावा हात सुरू झाला की माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. या वयात शरमेनं उतरलेलं तोंड नातवाला दाखवायची माझी तयारी नाही. त्यापेक्षा अडाणी ठरलेलं परवडलं.

सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं मी आमच्या नगर जिल्ह्यात, कालव्याच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या शाळेत मास्तर होतो. गणित शिकवायचो आणि शनिवारी मुलांना पेटीवर समूहगीतं बसवायचो. पेटी मी नगरच्या बोर्डिंगात शिकलो होतो, तीही तिथल्या सरांची खोली झाडता झाडता. कारखान्याच्या कॉलनीत स्टोअरकीपरांच्या घराची मागची खोली मला मिळाली होती. जेवणही त्यांच्याकडेच, त्यांच्या पंक्तीला. काकू मला 'आणखी वाढू का' असं विचारत नसत, सरळ ताटात भाकरी टाकत. बोर्डिंगात वाढलेल्या माणसाला त्या न विचारता पडलेल्या भाकरीची किंमत काय असते, ते मी सांगायला नको.

ही सगळी आमच्या आडनावाची कृपा होती. आमचं आडनाव दोन्हीकडे चालतं. ते गावातल्या वरच्या आळीत आहे आणि गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतही आहे. काकूंनी ते ऐकलं आणि त्यांना सोयीचं होतं ते धरून चालल्या. वडील काय करतात विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "शेवगावकडं थोडी कोरडवाहू आहे." ते खरंच होतं. पण त्या कोरडवाहूत कुसळांखेरीज फारसं काही येत नव्हतं. दसरा सरला की माझे आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जात. गावात लग्न असो की जत्रा, हलगी वाजवायची ती आमच्याच घरानं. याला लोक हलगीचा मान म्हणत. मान कसला डोंबलाचा! मांडवाबाहेर उभं राहून वाजवायचं आणि गाव जेवून उठल्यावर उरलंसुरलं घेऊन जायचं. यातलं मी काकूंना काही सांगितलं नव्हतं. शेजारच्या गावी एका मास्तरचं असंच उघड झालं, तेव्हा घरमालकिणीनं त्याचं ताट दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या पायरीवर ठेवलं होतं. ती हकीकत काकूंनीच मला वाढता वाढता सांगितली होती, आणि मी मान डोलावली होती.

त्या वर्षी पाऊस गेला. आबा, म्हणजे माझे वडील, ज्या कारखान्याला दर वर्षी जात तिथला ऊस करपला, आणि मुकादमानं टोळी घेऊन गाड्या वळवल्या त्या नेमक्या आमच्या कारखान्याकडे. शाळा सुटल्यावर मी कालव्याच्या बाजूला गेलो तर कोप्या उभ्या राहत होत्या. कोपी म्हणजे ऊसतोड्यांचं खोपट, चटई आणि उसाच्या वाळल्या पाचटाचं, आत शिरायचं तर वाकावंच लागतं. तिसऱ्या कोपीच्या दाराशी आबा दोरी आवळत बसले होते.

मला पाहून त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. "आलास? बरं झालं," ते म्हणाले. "पर आता दिसाउजेडी हिकडं येऊ नगंस. तू मास्तर हाईस. आमी काय, हंगाम सरला का जाऊ माघारी."

"आवं, पोराला टेकू तरी द्या," आई आतून म्हणाली.

मी टेकलो. आईनं दिलेली भाकरी खाल्ली. पण आबांचं ते बोलणं ऐकून मला हायसं वाटलं होतं. मी सांगण्याआधीच त्यांनी माझी अडचण ओळखली होती आणि मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला होता. त्या श्वासाची मला आजही किळस येते.

त्याच आठवड्यात क्यूबाचा पाहुणा आला. क्यूबाबद्दल आमच्या कॉलनीत माहिती होती ती एवढीच, की तिथं आपल्यापेक्षा ऊस जास्त होतो. पाहुणा साखरेच्या यंत्रांतला जाणकार होता आणि हंगामाच्या शुभारंभाला हजर राहणार होता. कॉलनीनं रस्ते झाडले, दगडांना चुना लावला आणि गोऱ्या साहेबाची वाट पाहिली. जीपमधून उतरला तो आमच्यातल्या कुणाहूनही काळा, उंच, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. स्टोअरकीपरांच्या तोंडून निघूनच गेलं, "हा परदेशी?" हार घालायला आलेल्या पोरी जागच्या जागी थांबल्या होत्या, हेडमास्तरांनी त्यांना मागून ढोसलं.

संध्याकाळी गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात स्वागत झालं. पोरींनी गाणं म्हटलं, मी पेटी वाजवली. मग चेअरमननी पाहुण्यांना त्यांची आवड विचारली. पाहुण्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं. ते ऐकून चीफ केमिस्ट साहेब मराठीत सांगत. पाहुणा म्हणाला, पियानो. आमच्याकडे कुठला पियानो! सगळ्यांनी माझ्या पेटीकडे पाहिलं.

पेटी चहाच्या टेबलावर ठेवली. पाहुणा खुर्चीत बसला, दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून दाबले, आणि पेटी मुकी. लोक खो खो हसले. आमच्या पेटीचं असंच आहे, उजव्या हाताला सगळे सूर आणि डाव्या हाताला भाता. डाव्यानं जन्मभर नुसता वारा घालायचा. पाहुण्यानं हे समजून घेतलं आणि स्वतःचा डावा हात माझ्यापुढे धरून मान हलवली. हा हात रिकामा राहून चालणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. मग मी टेबलापलीकडे स्टूल ओढून त्याच्या समोर बसलो आणि भाता मारायला लागलो.

त्यानं आधी एकटा डावा हात सुरू केला. चार-पाच सुरांचं छोटंसं बोलणं, तेच ते, पुन्हा पुन्हा. पण ठोका पडेल असं वाटायचं तिथं पडायचा नाही, जरा अलीकडे पडायचा आणि ऐकणाऱ्याला ओढून घ्यायचा. मग उजवा हात आला. तो मजेत उशिरा यायचा, भलतीकडे भटकायचा आणि घरी परतायचा. व्हरांड्यातले लोक एकमेकांकडे पाहून हसू दाबत होते. मला हसू येईना. माझ्या मांडीला हे ठाऊक होतं. गावच्या जत्रेत आबा हलगी धरून ठेवायचे, तेच ते बोल, सरळ वाटणारे आणि मुळीच सरळ नसलेले, आणि चुलते त्यावर दुसरी हलगी घेऊन मन मानेल तसे फिरायचे. या माणसानं आबांना डाव्या हातात घेतलं होतं आणि चुलत्यांना उजव्या.

वाजवून झाल्यावर तो पेटीवर तळवा ठेवून बोलायला लागला. त्याच्या देशात आफ्रिकेतून माणसं धरून आणली, ऊस तोडायला. मालकांना त्यांच्या ढोलांची भीती वाटायची. ढोल काढून घेतले, तेव्हा लोकांनी मालाची रिकामी खोकी बडवली, लाकडाच्या दोन दांडक्या एकमेकींवर मारल्या. ढोल गेला, पण हातातला ठेका गेला नाही. त्याचे वडील एका बाईंकडे युरोपातला पियानो शिकले, आणि घरी आले की आजोबा खोकं बडवत असायचे. वडिलांनी ते खोकं डाव्या हातात घातलं. अमेरिकेच्या रेडिओवरून जॅझ येत होता, तो उजव्या हातात घातला. हवानाच्या नाचाच्या हॉलमध्ये ते वाजवायचे. आत मात्र मागच्या दारानं जायचे. "आमचे सगळे पियानोवाले असेच घडले," तो म्हणाला. "आणि माझे आजोबा ऊसतोडे होते." हे सांगताना त्यानं मान वर केली होती.

केमिस्ट साहेब अडखळले. भला माणूस होता तो. पाहुण्याची अब्रू आपल्या हातात आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं. ते घसा खाकरून म्हणाले, "साहेबांचं घराणं पूर्वापार ऊस बागायतदारांचं आहे. वडिलांना संगीताचा शौक होता."

"वा, वा," चेअरमन म्हणाले. स्टोअरकीपरांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान दिसलं. मला मूळ वाक्य कळलं होतं. मी भात्याची कडी लावत बसलो.

पाहुण्यानं विचारलं, तुमचे ऊसतोडे काही वाजवतात का? चेअरमन म्हणाले, उद्या गव्हाणीच्या पूजेला हलगी असतेच, मुकादमाला सांगून ठेवलंय, यंदा शेवगावकडची टोळी आहे, तिच्यात एक जण फार नामी वाजवतो म्हणतात.

सकाळी अंगात ताप आहे म्हणून पडून राहावं, असं मी ठरवलं होतं. हेडमास्तर स्वतः बोलवायला आले. गव्हाण म्हणजे ऊस आत ओढून नेणारा पट्टा. पहिली मोळी तिच्यात टाकायची, की हंगाम सुरू. तिथं रांगोळी काढली होती. कॉलनीच्या बायका एका बाजूला उभ्या होत्या, काकू पुढे. दोरी बांधून केलेल्या हद्दीबाहेर ऊसतोडे होते. आबांनी पाचट पेटवून हलगी शेकायला धरली होती. कातडं तापल्याशिवाय ती बोलत नाही. अधूनमधून बोटानं टिचकी मारून पाहत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

पूजा झाली, मोळी पडली, हलगी वाजली. पाहुणा रांगोळी ओलांडून, दोरी उचलून थेट आबांसमोर जाऊन उभा राहिला. आधी त्यानं ऐकलं. मग टाळ्या वाजवायला लागला, आबांच्या ठोक्यांच्या मधल्या जागांत. आबा बिचकले, पण हात थांबला नाही. पाहुणा ओरडून काहीतरी म्हणाला आणि केमिस्ट साहेब धावत आले. "पेटी आणा. टेबल आणा. मास्तर, चला."

दोरीपलीकडे, पाचटाच्या राखेजवळ टेबल मांडलं. पाहुणा बसला. मी त्याच्या समोर, भात्याला. त्याच्या खांद्यावरून मला आबा दिसत होते, हलगी छातीशी धरून उभे. ते जमिनीकडे पाहत होते.

ते दोघं वाजवत असताना मला काही क्षण लाज वाटली नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आनंद झाला, अंगावर काटा आला. पाहुण्याचा डावा हात आबांच्या हलगीत असा मिसळला की दोन माणसं आहेत हे कानाला कळेना. ऊसतोड्यांतल्या बायका पुढे सरकल्या, त्यांत आई होती, तोंडावर पदर धरून. चेअरमनचा पायसुद्धा हलत होता.

आमच्या घरच्या हलगीत एक खोड आहे. आज्यापासून आलेली. रंगात आलं की मध्येच एक ठोका सोडून द्यायचा. पूर्ण गप्प. ऐकणाऱ्याचा पाय उचललेला असतो, तो वरच राहतो, आणि मग सगळं एकदम खाली येतं. तो ठोका कधी सुटणार हे बाहेरच्याला कळत नाही. मी लहानपणी आबांच्या पायांशी बसून वाढलेलो. आबांनी तो ठोका सोडला आणि त्याच क्षणी माझा हात भात्यावर थांबला. पेटी गप्प. हलगी गप्प. मग दोन्ही एकदम. लोकांनी हो करून आरोळी दिली. पुढच्या फेरीला आबांनी भलत्याच ठिकाणी ठोका सोडला. माझा हात तिथंही थांबला. मी तो थांबवला नव्हता. तो आपोआप थांबत होता.

पाहुण्यानं हात उचलले. हसत माझ्याकडे बोट केलं, मग आबांकडे, आणि काहीतरी विचारलं. केमिस्ट साहेबांनी मोठ्यानं सांगितलं, "मास्तर, साहेब विचारताहेत, हा माणूस कुठं थांबणार हे तुम्हाला आधीच कसं कळतं?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. हेडमास्तर, स्टोअरकीपर, काकू. मी सांगणार होतो, असं मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला बजावलं आहे. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही, कारण आबांनी मला तेवढा वेळच दिला नाही.

"मास्तर हाईत ते, सायेब," आबा म्हणाले. "पेटीवाल्याला समद्या तालाचं कळतंय. आमची काय वळख न्हाई. पर कान लई चांगला हाय मास्तरांचा." आणि दोन पावलं मागं सरकून ते राखेच्या पलीकडे उभे राहिले.

केमिस्ट साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. पाहुणा हसायचा थांबला. त्यानं आबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या. आमच्या दोघांची हनुवटी एकच आहे, पुढे आलेली, मधे खाच असलेली. तो हळूच आपल्या भाषेत काहीतरी बोलला. "हे काही मला समजलं नाही," केमिस्ट साहेब म्हणाले. मग पाहुणा उठून आबांकडे गेला आणि हात पुढे केला. आबांनी आपला हात आधी धोतराला दोनदा पुसला. पाहुणा त्यांचा हात धरून, दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवून, मोडक्या इंग्रजीत बराच वेळ बोलत राहिला. मध्येच मोळीकडे बोट करायचा. केमिस्ट साहेबांनी एका वाक्यात आटोपलं, "साहेबांना तुमचं वाजवणं आवडलं." चेअरमननी नारळ दिला. आबांनी ओंजळ खाली धरली आणि नारळ वरून त्यांच्या ओंजळीत पडला.

दुपारी काकूंनी शिरा केला होता. माझ्या ताटात दुसऱ्यांदा वाढत त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमचा कान खरंच चांगला हो. त्या हलगीवाल्यानंसुद्धा ओळखलं." मी तो शिरा खाल्ला. टाकला असता तर कारण सांगावं लागलं असतं.

दिवस मावळताना मी कोप्यांकडे गेलो. कुणी पाहील तर पाहू दे, असं म्हणत गेलो, पण गेलो मात्र कालव्याच्या आतल्या अंगानं. आबा कोपीबाहेर बसले होते. रागावले नाहीत.

"हात दुखला का रं भाता मारून?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"त्यो सायेब छातीवर हात ठिवून काय सांगत हुता मला येवढं? आपल्या सायबानं नीट सांगितलं न्हाई."

मी म्हणालो, "त्याचा आजा ऊसतोड्या हुता, आबा. बाप नाचाच्या हॉलात पियानो वाजवायचा, मागच्या दारानं आत जाऊन. त्याचं वाजवणं समदं त्यांच्याकडनं आलंय, आसं सांगत हुता."

आबा माझ्याकडे वळले. "आसं म्हनला? समद्यांम्होरं?"

"व्हय."

"चेरमनम्होरं?"

"व्हय."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं, आणि त्या परक्या बापाबद्दल आनंद झाला होता.

"त्याचा बाप हाय का जित्ता?"

"म्हाईत न्हाई."

"नसला तरी," आबा म्हणाले, "ऐकू गेलं आसंल त्याला."

मग त्यांनी हलगी पोत्यात गुंडाळली आणि मला म्हणाले, "जा आता. तिकडं तुझी कुनी वाट बघत आसंल." आई आत चूल पेटवत होती. मी उठलो. काकूंकडे जेवणाची वेळ झाली होती.